फळीपलीकडचा ठोका

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टक-टक, टक-टक, टक... आणि पुढे नुसती शांतता.

आज सकाळी चहा गाळताना हा आवाज कानात आला आणि गाळणी हातात तशीच राहिली. वरच्या बिऱ्हाडात कोणी खिळा ठोकत होतं, बाकी काही नाही. पण मी पोचलो थेट आपल्या दोन खोल्यांमधल्या लाकडी फळीपाशी. पलीकडे तू, अलीकडे मी. दिवा मालवला की मला आढ्याला काहीतरी हलताना दिसायचं, आणि तू बोटाच्या पेरानं त्या होडीच्या कवितेची चाल फळीवर वाजवायचीस. अख्खी ओळ वाजवायचीस, शेवटचा ठोका मात्र राखून ठेवायचीस. तो माझा. मी तो दिला की तुला समजायचं, पुटपुट्या ठीक आहे. ताई, त्या कवितेतले शब्द गेले. होडी कुठे निघाली होती, वल्ही कोणाच्या हातात होती, काही म्हणता काही आठवत नाही. शाळेतल्या कविता अशाच जातात, सामान घेऊन जातात आणि चाल आपल्यापाशी विसरतात.

असो. तुझं पत्र मिळालं. डोळ्याच्या पडद्याला भोक पडलंय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे आणि त्यानंतर आठवडाभर पालथं पडून राहायचं आहे, हे तू गाडी उशिरा सुटणार असल्यासारखं लिहिलं आहेस. शेजारीण आहे, काळजी करू नकोस, असंही लिहिलंस. शेजारीण सकाळी नोकरीला जाते आणि दिवेलागणीला परतते, हे तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस. तुझ्या चिरंजीवांना तिकडे परदेशात रजा मिळत नाही. मग डोळ्यात थेंब कोण घालणार? पाण्याचा पेला हातात कोण देणार?

मी यायला हवं. पण तुझं घर नवव्या मजल्यावर, माझ्या खुब्यात पोलादी गोळा, जिने चढायची मनाई. उरली लिफ्ट. मागच्या खेपेला काय झालं ते तुला माहीत आहे. मी एवढा प्रवास करून आलो आणि तुझ्या इमारतीच्या आवारातल्या बाकावर बसलो. तू खाली आलीस. आपण दोघं फुटक्या बाकावर थर्मासमधला चहा प्यायलो आणि मी परत गाडीत बसलो. रखवालदाराला वाटलं, आपण घराचा व्यवहार ठरवतोय.

त्याचं कारण आपण पत्रात कधी लिहिलं नाही. आज एकदाच लिहितो. त्या दुपारी मी हिच्यासाठी धुतलेला गाऊन घेऊन हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये शिरलो आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दिवा गेला. मी हाका मारल्या. वर पोचलो तेव्हा हिच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. नर्स म्हणाली, शेवटी काहीतरी बोलल्या, पण आम्हांला नीट कळलं नाही.

तेव्हापासून दार सरकायला लागलं की छाती दाटते. आपल्या नाटक कंपनीच्या मेकअपवाल्याची पाठदुखी एका डॉक्टरीणबाईंनी संमोहनानं निम्मी केली म्हणे. त्यांची वेळ घेतली आहे. हसू नकोस.

लोभ आहेच, तो असाच हाताशी असू दे.
तुझा,
पुटपुट्या

ता. क. अक्षर मोठं काढलं आहे. वाचता आलं का ते कळव.


११ फेब्रुवारी

चि. पुटपुट्यास,
अ. उ. आ.

हसले. भरपूर हसले. त्या बाई तुझ्या नाकासमोर घड्याळ हलवणार, की तुला टेबलावर चढवून कोंबडा करणार? कोंबडा केलाच तर निदान मोठ्यानं आरव. जन्मभर कुजबुजण्यात गेला तुझा. रंगमंचावर दुसऱ्यांनी टाळ्या घेतल्या आणि तू प्रॉम्प्टर, विंगेत त्यांची वाक्यं पुटपुटत बसलास.

तुझं अक्षर वाचता आलं, पण मधोमध नाही. दुसरा डोळा आधीपासूनच अधू, त्यामुळे मी ज्या शब्दाकडे बघते तोच नाहीसा होतो आणि आजूबाजूचे शब्द साळसूद उभे असतात. माणसांचंही तेच. समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी एक धुरकट भोक, आणि त्याला दोन बाजूंनी कान. हल्ली मी लोकांना कानांवरून ओळखते. दूधवाल्याचे कान चांगले आहेत. खिडकीची चौकट वाकडी दिसते. आयुष्यभर नकाशे काढले रे, एकही रेघ चुकू दिली नाही, आणि आता घरातली प्रत्येक रेघ माझ्याकडे बघून कंबर वाकवते.

आणि म्हणे मान खाली घालून पडायचं! मी. साहेबापुढे घातली नाही, सासूपुढे घातली नाही. आता एका उशीपुढे घालायची.

तुझ्या संमोहनाबद्दल एकच सांगायचं आहे आणि ते थट्टेत नाही. तू तिकडे लिफ्टसाठी जातो आहेस, हे मला पटत नाही. तू पडद्याआडचं ऐकायला जातो आहेस. ते मागू नकोस. कोणी देऊ केलं तरी घेऊ नकोस.

इथे सगळं ठीक. दिवसभर लिफ्टची घरघर ऐकू येते. आठव्यावर थांबते, दहाव्यावर थांबते. आमच्या मजल्यावर थांबते ती चुकून, कोणीतरी भलतं बटण दाबलं म्हणून. दार उघडतं, बंद होतं आणि जाते.

जेवत जा. आशीर्वाद पाठवते आहे, दोन्ही डोळ्यांचे मिळून एकाचे समज.
तुझी ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घड्याळ नव्हतं. कोंबडाही नाही. एक साधी खोली, भिंतीला टेकवलेली आरामखुर्ची, खिडकीत कुंडी. डॉक्टरीणबाई नातीच्या वयाच्या, चष्मा कपाळावर आणि चष्मा शोधण्यात गर्क.

त्यांनी आधी मला समजावून सांगितलं. संमोहन म्हणजे झोप नाही, बेशुद्धी नाही, दुसऱ्याच्या हातातली दोरीही नाही. मला समजेल अशा भाषेत त्या म्हणाल्या, की रंगमंचावर एकाच नटावर झोत टाकता, तेव्हा बाकीचा रंगमंच कुठे जात नाही, फक्त अंधारात राहतो. तसं लक्ष एका जागी गोळा होतं. त्या वेळी सुचवलेली गोष्ट मन जरा लवकर धरतं. नको असलेलं कोणी करायला लावू शकत नाही आणि हवं तेव्हा डोळे उघडता येतात. मी त्यांना आपल्या थिएटरात येऊन गेलेल्या त्या जादूगाराबद्दल विचारलं, जो लोकांना रडवायचा, नाचवायचा. त्या म्हणाल्या, तो आधी हात वर करायला सांगून हौशी मंडळी निवडून घेत असेल. मी तर विंगेतून पाहिलं होतं, अगदी तसंच करायचा!

मग मला डोळे मिटायला सांगितले आणि त्या सावकाश बोलू लागल्या. हात जड होत आहेत. खांदे सैल होत आहेत. श्वास संथ होतो आहे. आणि पापण्या... इथे त्या थांबल्या. ताई, तुला खरं सांगतो, माझ्या हातात काही राहिलं नाही. नट थांबला की माझे ओठ आपोआप हलतात. मी हलकेच म्हणालो, मिटत आहेत.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी जरा स्पष्ट म्हणालो, पापण्या मिटत आहेत, मॅडम.

त्या इतक्या हसल्या, की चष्मा कपाळावरून नाकावर येऊन बसला. म्हणाल्या, आजोबा, ती जागा मी मुद्दाम सोडली होती. मी म्हणालो, आमच्याकडे मुद्दाम सोडलेल्या जागेवर वहीत फुली असते. तुमच्या वहीत मला ती दिसली नाही. त्या दिवशी पुढे काही जमलं नाही. नंतरच्या खेपेला कल्पनेतला समुद्रकिनारा झाला, तोही फसला. त्या मला वाळूवर चालवत होत्या आणि मी मनातल्या मनात बूट झटकत होतो.

तू म्हणालीस ते मी ऐकलं नाही. मागितलं. म्हटलं, मला त्या दुपारी घेऊन चला. पडद्याच्या आत. हिचं शेवटचं काय ते एकदा ऐकायचं आहे. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून हातात धरला. म्हणाल्या, तुम्ही तिथे नव्हतात. जे कानावर पडलंच नाही ते संमोहन आणून देत नाही. तुमचं मन तुमच्या प्रेमातून एक वाक्य रचेल, तिच्या आवाजात म्हणेल आणि तुमचा त्यावर ठाम विश्वास बसेल. मग खरं कुठलं, रचलेलं कुठलं, हे तुम्हांला कधीच कळणार नाही. मी तसं करणार नाही.

मी चिडून उठलो. घरी येईपर्यंत चिडलेलाच होतो. मग घरी कुलूप काढताना आठवलं, की नाटकातली मुख्य नटी एकदा ऐन प्रवेशात अडली होती आणि माझ्या वहीतलं ते पान फाटलेलं होतं. मला दहा वाक्यं सुचली होती, एकाहून एक सुंदर. मी एकही दिलं नाही. वहीत नाही ते विंगेतून द्यायचं नाही. तेव्हा कंपनीनं माझं कौतुक केलं होतं. आता तीच शिस्त दुसऱ्या कोणी पाळली तर राग का यावा?

दोन कपांपैकी हिचा कप मी अजूनही रोज विसळून ठेवतो. का, ते विचारू नकोस.

कळावे, आणि कळलं नाही तरी लोभ असू द्यावा.
तुझा,
पुटपुट्या


२७ फेब्रुवारी

चि. पुटपुट्यास,
अ. उ. आ.

त्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांचे कान कसे आहेत ते कळव.

तुझी बायको शेवटी काय म्हणाली असेल, हे मलाही नाही माहीत. पण तुमच्या घरी मी राहिले आहे. ती दिवसभर काय म्हणायची ते मला माहीत आहे. पंखा बंद करा. चष्मा त्या पुस्तकात आहे. आज लवकर या. यातलं प्रत्येक वाक्य तू हजारदा ऐकलंस. ते तुझंच आहे, ते घेऊन बस की.

ऑपरेशन अठरा मार्चला. सकाळपुरती एक बाई मिळाली आहे. आंघोळ घालील, जेवण करून ठेवील. उरलेला दिवस मी आणि उशी. टेबलाला भोक पाडून त्यात तोंड घालून बसता येतं म्हणे. एका भोकावर दुसऱ्या भोकाचा उतारा!

तू लिफ्टच्या नादानं जीव आटवू नकोस. बाकावर भेटलो तेही छान होतं. चहा जरा गार होता, एवढंच.

माया तीच, अक्षर तेवढं वाकडं.
तुझी ताई


७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशाशी आहे. पंखा बंद करा, हे वाचून मी उठलो आणि खरंच पंखा बंद केला. मग बसून राहिलो.

डॉक्टरीणबाईंचे कान लहान आहेत, पण ऐकू फार येतं. त्यांनी विचारलं, किनारा नको तर तुम्हांला स्वस्थ कुठे वाटतं? मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, विंगेतल्या माझ्या खोपटात. त्यांनी ते कसं आहे विचारलं. मी रंगून सांगत सुटलो. दोन बाजूंना काळा पडदा, पाठीला फळी, गुडघ्यावर वही, वहीवर कागदानं झाकलेला छोटा दिवा. पाय पसरायला जागा नाही. धुळीचा आणि रंगाचा वास. त्या शांतपणे म्हणाल्या, म्हणजे लिफ्टपेक्षा लहान. आणि अंधार.

ताई, उभं आयुष्य मी तिथे काढलं आणि कधी एकदा श्वास अडला नाही.

मग आम्ही तेच धरलं. त्यांनी मलाच वाक्यं लिहायला लावली. म्हणाल्या, शेवटी माणूस स्वतःलाच संमोहित करतो, मी फक्त आठवण करून देते. तुमच्या धंद्यातलीच मी. या खेपेला थांबायच्या जागांवर मी फुल्या मारून दिल्या. त्या वाचत गेल्या आणि मी खोपटात जाऊन बसलो. खुर्ची होती, खिडकी होती, बाहेर कोणी गाडीचा भोंगा वाजवत होतं, सगळं ऐकू येत होतं, पण दूर. हात इतके जड झाले, की ते दुसऱ्या कोणाचे आहेत असं वाटलं. किती दिवसांनी छातीत जागा झाली.

त्यांनी एक खूण ठेवायला सांगितली. मनाला तिथे चटकन नेणारी, कोणालाही न दिसणारी. मी तुझी ओळ निवडली. मांडीवर बोटाच्या पेरानं ठोके द्यायचे.

नंतर पायरी पायरीनं. आधी त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसलो. मग आत, दार उघडं ठेवून. काल दार बंद करून एकच मजला जायचं होतं. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. दार सरकू लागलं. मी मांडीवर ओळ वाजवली. टक-टक, टक-टक, टक... आणि तिथेच अडलो. शेवटचा ठोका येईना. ओळही मीच वाजवायची आणि उत्तरही मीच द्यायचं? पलीकडे कोणी नाही. दाराची फट बोटभर उरली तेव्हा माझा हात मध्ये गेला. दार हाताला लागलं, परत उघडलं. मी बाहेर आलो आणि जिन्याच्या पायरीवर बसलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही बिघडलं नाही, आज इतपत. पण त्या तरुण आहेत. त्यांच्याकडे पुष्कळ उद्या आहेत. आपल्याकडे अठरा तारीख आहे.

मला जमणार नाही, ताई. दुसरी बाई बघ, संध्याकाळची. हे लिहिताना कागद ओला झाला तर तो चहा समज.

तुझ्या मायेला पात्र नसलो तरी ती चालू ठेव.
पुटपुट्या


१२ मार्च

चि. पुटपुट्यास,
अ. उ. आ.

चहा समजले.

एक गोष्ट सांगते. तू फळीच्या अलीकडे होतास, म्हणून तुला माहीत नाही. तुला अंधाराची भीती वाटायची, हे घरभर सगळ्यांना ठाऊक होतं. मी मोठी, म्हणून भीती माझ्या वाट्याला येत नाही, असं घरात ठरून गेलं होतं. माझ्या खोलीची खिडकी मागच्या ओढ्याकडे होती. पाण्यात कोणीतरी चालतंय असं मला रोज वाटायचं. रोज. कोणाला सांगणार? मग मी फळीवर ओळ वाजवायची. आणि शेवटचा ठोका तुझ्याकडे ठेवायची, कारण तो आल्याशिवाय मला डोळे मिटता येत नसत. एकदा तू ओळीच्या आधीच झोपून गेलास. त्या रात्री मी उजाडेपर्यंत फळीला पाठ लावून बसले होते.

तू म्हणतोस, पलीकडे कोणी नाही. पलीकडे मी होते रे. मी तुला धीर देत नव्हते. मागत होते.

ऑपरेशनला मी भीत नाही. डॉक्टर चांगले आहेत. त्यानंतरच्या त्या दिवसांना भिते. तोंड खाली, समोर फक्त फरशी, आणि घरात आवाज नाही. आठव्यावर थांबणारी आणि दहाव्यावर थांबणारी ती लिफ्ट ऐकत पडायचं.

तू ये असं मी लिहीत नाही. तसा अर्थ काढू नकोस. तुझ्या छातीत दाटतं ते मला समजतं. तू माहिती मागितली नव्हतीस, तरी दिली, एवढंच.

संध्याकाळची बाई मिळाली नाही.

आशीर्वाद. आज जरा जास्त.
तुझी ताई


१७ मार्च, दुपार

चि. पुटपुट्यास,
अ. उ. आ.

तुझं उत्तर आलं नाही. मी रोज खाली पेटीपर्यंत जाऊन चाचपून येते. मी ते सगळं लिहायला नको होतं, असं कालपासून वाटतंय. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात आपल्या लहानपणीचा अंधार कशाला बांधावा? मनाला लावून घेतलं असशील तर सोडून दे. रागावला असशील तर मोठ्या अक्षरात रागाव, म्हणजे वाचता येईल.

उद्या सकाळी जायचं आहे. पिशवी भरून दारापाशी ठेवली आहे. टॉवेल, चपला, गोळ्या. थेंबांची बाटली फ्रीजमध्ये राहील. चिरंजीवांचा फोन आला होता. त्यांनी तिकडून मोठा धीर दिला. फोन ठेवल्यावर घर आणखीच गप्प झालं. शेजारीण रात्री डोकावीन म्हणाली आहे. उशी मी पलंगाच्या कडेला मांडून पाहिली आणि तिच्यावर तोंड ठेवून पडले. फरशीच्या रेघा दिसल्या, वाकड्या. मनात म्हटलं, पुटपुट्या असता तर या रेघांनाही विंगेतून एखादं वाक्य...

लिफ्ट थांबली. आमच्या मजल्यावर. कोणीतरी भलतं बटण दाबलं असणार.

दार उघडलेलं ऐकू आलं. बंद झालेलंही. पण आज काठी टेकल्यासारखा आवाज येतो आहे. कोणीतरी भिंतीला धरून उभं आहे. धापा टाकतंय. दमलेलं माणूस दिसतं. चुकून आलं असेल. उठून विचारते, कोण पाहिजे.

दारावर बेल आहे. चांगली मोठी, लाल बटणाची, आंधळ्यालाही सापडेल अशी. आणि हे माणूस बेल सोडून लाकडावर बोटाच्या पेरानं वाजवतंय.

टक-टक, टक-टक, टक.

थांबलंय. शेवटचा ठोका ठेवलाय.

तो माझा आहे. उठते.